उन्हाळ्यात बेसमेंटला ओल का येते आणि ती कशी आवरावी

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मिडवेस्टमध्ये किंवा कॅनडातील ओंटारिओत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला घराबरोबर बहुधा बेसमेंटही मिळते. हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली घराचा पाया न्यावा लागतो. शिकागो परिसरात ही खोली ४२ इंच धरली जाते, आणि एवढे खणायचेच असेल तर आणखी खणून पूर्ण उंचीची खोली काढणे बांधणाऱ्याला परवडते. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी जमीन अशी गोठत नाही, त्यामुळे तिथे बेसमेंटे फारशी नाहीत आणि हा प्रश्नही नाही. बाकीच्यांच्या घरी मात्र गणपतीचे मखर, तांदळाची वीस पौंडी पोती, दिवाळी अंकांची खोकी, हिवाळी कपडे आणि तबला-पेटी या सगळ्यांची रवानगी याच खोलीत होते, आणि जून उजाडला की जिना उतरताना कुबट वास येऊ लागतो.

त्या वासावर आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला असतो: खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या कोंदट खोलीसाठी हा सल्ला बरोबर आहे, कारण तिथे खोलीच्या भिंती आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. जमिनीत सात फूट उतरलेल्या खोलीत, ऐन जुलैत, याच उपायाने ओल वाढते. बेसमेंटच्या ओलीवर होणारा बराचसा खर्च वाया जातो तो एवढ्यासाठीच, की पाणी कोणत्या वाटेने आत येते आहे हे न ठरवता उपाय सुरू केलेला असतो. म्हणून या लेखात उपायांच्या आधी कारणांचा विचार थोडा सविस्तर केला आहे.

बाष्पाचा हिशेब

हवा जितकी उबदार, तितके जास्त बाष्प तिच्यात मावते. न्यू जर्सीतील जुलैची एखादी साधी दुपार घेऊ: तापमान ८६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३० अंश सेल्सिअस, आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. बेसमेंटची काँक्रीटची फरशी मात्र खालच्या जमिनीमुळे ६५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १८ सेल्सिअसच्या, आसपास राहते आणि त्या तापमानाच्या हवेत घनमीटरला साडेपंधरा ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प मावत नाही. उरलेल्या चार-साडेचार ग्रॅमचे पाणी होते आणि ते फरशीवर, भिंतीच्या खालच्या भागावर आणि थंड पाण्याच्या पाइपांवर उतरते. एक हजार चौरस फुटांच्या आणि साडेसात फूट उंचीच्या बेसमेंटमध्ये सुमारे २१० घनमीटर हवा असते. ती सगळी एकदा बदलून आतल्या तापमानाला आली तर जवळजवळ एक लिटर पाणी आपण स्वतःच आत आणलेले असते, आणि दिवसभर खिडक्या उघड्या राहिल्या तर हवा अशी अनेकदा बदलते.

हा हिशेब दर वेळी मांडत बसण्याची गरज नाही, कारण दवबिंदू नावाचा एकच आकडा पुरेसा आहे. ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊ लागते ते तापमान म्हणजे दवबिंदू. वरच्या उदाहरणात तो सुमारे ७३ अंश फॅरनहाइट येतो आणि फरशी ६५ अंशांवर आहे, तेव्हा तिला घाम फुटणारच. फोनवरील हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. बाहेरचा दवबिंदू ५५ अंशांच्या खाली असेल तर खिडक्या खुशाल उघडाव्यात, ६० अंशांच्या वर असेल तर त्या बंदच ठेवाव्यात, आणि मधल्या दिवसांत आपल्या फरशीचे तापमान पाहून ठरवावे. सप्टेंबरअखेरच्या कोरड्या, निरभ्र दिवसांत खिडक्या उघडून बेसमेंट मोकळे करणे याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. जुलैत मात्र तोच उपाय टाळावा लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. फरशी डोळ्यांना कोरडी दिसत असली तरी तिच्यालगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीला तेवढे पुरते. पाणी दिसत नाही म्हणजे ओल नाही, असे समजू नये.

ओल कुठून येते ते आधी ठरवावे

त्यासाठी दोन साधी उपकरणे घ्यावीत: आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणि पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. स्वस्त हायग्रोमीटर काही टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणून त्याची एकदा परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडावे, इतकेच की सगळे मीठ भिजावे पण विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवून ती पिशवी रात्रभर खोलीच्या तापमानाला राहू द्यावी. अशा बंद पिशवीतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी हायग्रोमीटर ७१ दाखवत असेल तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवावेत.

दुसरी परीक्षा फरशीची. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा १८ इंच लांब-रुंद तुकडा घेऊन तो स्वच्छ पुसलेल्या फरशीवर अंथरावा आणि त्याच्या चारही कडा टेपने सलग चिकटवाव्यात. किमान १६ तासांनंतर, आणि शक्य असल्यास दोन दिवसांनंतर, तो पाहावा. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतून आलेले आहे. प्लॅस्टिकच्या खाली थेंब असतील किंवा तेवढाच चौकोन गडद पडला असेल तर ओल काँक्रीटमधून वर येते आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणेही अशक्य नाही. भिंतीवरही हीच परीक्षा करता येते. ती एकदा दमट उकाड्याच्या आठवड्यात आणि एकदा वसंतात बर्फ वितळल्यानंतर करावी, कारण कोरड्या ऋतूतील निकालावर विसंबून राहता येत नाही. घर नवे असेल तर पहिली एक-दोन वर्षे काँक्रीट स्वतःतलेच पाणी सोडत असते, हेही गृहीत धरावे.

याखेरीज घर स्वतःच बऱ्याच खुणा दाखवते. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत ओल दिसते आणि कोरड्या आठवड्यात नाहीशी होते, तर बाहेरचे पाणी आत झिरपते आहे. पाऊस नसताना केवळ दमट उकाड्यात फरशी ओली होते, तर दोष हवेतल्या बाष्पाचा आहे. भिंतीवर पांढरी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो लोणा होय: पाणी भिंतीतून आरपार आले, येताना काँक्रीटमधले क्षार घेऊन आले आणि उडून जाताना ते मागे ठेवून गेले. या भुकटीवर पाण्याचा थेंब सोडला तर ती विरघळते, बुरशी विरघळत नाही. एवढ्यावरून दोहोंतला फरक घरीच ओळखता येतो. जमिनीवर महिनोन्महिने ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके उचलून त्याचा तळ पाहावा. वरच्या घड्या कडक आणि कोऱ्या असतात, चिकटपट्टी जागेवर असते, आणि तळाचा पुठ्ठा मात्र गडद, मऊ पडून बोटाने सोलता येतो. त्याखालच्या फरशीवर खोक्याच्या आकाराचा ओला चौकोन उमटलेला असतो. खोक्यामुळे खोलीची ऊब तेवढ्या जागी फरशीपर्यंत पोहोचत नाही, तो भाग इतर फरशीहून थंड राहतो आणि दमटपणा तिथेच साठतो. गालिच्याखाली नेमके हेच घडते, फरक एवढाच की गालिचा कोणी उचलून पाहत नाही.

बाहेरचे पाणी बाहेरच थांबवावे

पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येत असेल तर कामाला सुरुवात बेसमेंटमध्ये करू नये, ती छतापासून करावी. एक हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२३ गॅलन पाणी गोळा होते. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पाडला; या हिशेबाने दीड हजार चौरस फुटांच्या छतावरून त्या एका तासात २,९०० गॅलनांहून जास्त, म्हणजे सुमारे ११ हजार लिटर पाणी उतरले असते. पन्हळी पानांनी तुंबलेल्या असतील किंवा पाणी खाली आणणारा नळ भिंतीच्या पायथ्याशीच संपत असेल, तर हे सगळे पाणी बेसमेंटच्या भिंतीला टेकून उभे राहते, आणि मग कोणताही रंग किंवा पंप त्याला फार काळ पुरा पडत नाही. वर्षातून निदान दोनदा, वसंतात आणि पानगळ संपल्यावर, पन्हळी साफ कराव्यात. खाली येणाऱ्या प्रत्येक नळाला जोड देऊन त्याचे तोंड भिंतीपासून किमान सहा फूट, आणि जागा असेल तर दहा फूट लांब न्यावे. हा जोड हार्डवेअरच्या दुकानात काही डॉलरना मिळतो आणि बसवायला अर्धा तासही लागत नाही. तरीही वॉटरप्रूफिंगवर हजारो डॉलर खर्च केलेल्या घरांतही तो नसतो, याचे वाईट वाटते.

नंतर जमिनीचा उतार पाहावा. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या नमुना नियमांनुसार घरापासूनच्या पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरली पाहिजे. पाया बांधून झाल्यावर भोवतालच्या खड्ड्यात टाकलेली माती काही वर्षांत बसते आणि उतार उलटा, म्हणजे घराच्या दिशेला, होतो. तो मातीची भर घालून सुधारावा. भर घालताना बाहेरच्या आवरणाच्या लाकडाला किंवा सायडिंगला माती टेकू देऊ नये, सहा इंच पाया उघडा राहू द्यावा. भिंतीलगत मेथी, टोमॅटो किंवा फुलझाडांचे वाफे करण्याची अनेकांना हौस असते, कारण तिथे ऊन चांगले लागते. पण ज्या भिंतीला आतून ओल येते तिच्या पायथ्याशी रोज पाणी घालणे योग्य नाही. वाफे चार-पाच फूट पुढे सरकवावेत आणि हिरवळीच्या फवाऱ्याचे पाणी भिंतीवर उडत नाही ना, तेही पाहावे. बेसमेंटच्या खिडक्यांबाहेरचे खड्डे पानांनी भरलेले असतील तर ते साफ करून तळाशी खडी टाकावी आणि त्यांवर पारदर्शक झाकण बसवावे.

एवढे करूनही दोन-तीन मोठ्या पावसांनंतर पाणी येत राहिले तर भूजलाची पातळी फरशीपर्यंत चढते आहे असे समजावे. तिथे फरशीच्या कडेने आतून निचरा काढून पाणी संप पंपाकडे, म्हणजे फरशीतल्या खड्ड्यात साठलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाकडे, वळवणे हा भरवशाचा उपाय आहे, आणि ते काम जाणकारांकडूनच करून घ्यावे. घराबाहेर न फिरता, पन्हळींकडे न पाहता पहिल्याच भेटीत आतल्या निचऱ्याचे दरपत्रक हाती देणाऱ्या कंत्राटदारावर विसंबू नये. निदान तिघांकडून दर घ्यावेत. भिंतीच्या आतल्या बाजूला लावायचा वॉटरप्रूफ रंग किरकोळ दमटपणापुरता चालतो, पण मागून पाण्याचा दाब असेल तर तो काही ऋतूंत पोपडे धरतो. उभ्या, केसाएवढ्या भेगा बहुधा काँक्रीट आकसल्यामुळे पडतात आणि त्या एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन भरून बंद करता येतात. भिंतीत आडवा तडा असेल किंवा भिंत आत फुगलेली दिसत असेल, तर मात्र वॉटरप्रूफिंगवाल्याला न बोलावता प्रथम स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, कारण तो मातीच्या दाबाचा परिणाम असतो.

संप पंप असेल तर दर तीन-चार महिन्यांनी त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो आपोआप सुरू होतो का ते पाहावे. वीज जाते ती बहुधा वादळातच, म्हणून बॅटरीवर चालणारा राखीव पंप असणे आवश्यक आहे. बाहेर फेकलेले पाणी पुन्हा पायाशी येणार नाही इतका त्याचा पाइप लांब असावा. संपच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवावे. उघड्या खड्ड्यातून रात्रंदिवस बाष्प वर येत असते आणि त्याच वाटेने जमिनीतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही येतो. घराच्या साध्या विम्यात पुराचे किंवा जमिनीतून झिरपलेले पाणी सहसा धरलेले नसते, आणि संप तुंबून किंवा सांडपाणी उलटून होणाऱ्या नुकसानीसाठी वेगळे पुरवणी कलम घ्यावे लागते. पॉलिसीचा तो भाग पावसाळी हंगामाआधी वाचून ठेवावा. बेसमेंटमध्ये पाणी साचलेले असताना विजेचा पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यात पाऊल टाकू नये.

हवेतले बाष्प

बाहेरच्या पाण्याचा बंदोबस्त झाल्यावरच डिह्युमिडिफायरकडे, म्हणजे हवेतले बाष्प काढून घेणाऱ्या यंत्राकडे, वळावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, आणि शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. उन्हाळ्यात बेसमेंटसाठी ५० टक्क्यांचे लक्ष्य ठेवावे. आर्द्रता ३५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याच्या हट्टाने यंत्र अखंड चालते, वीज खाते आणि हाती फारसे काही लागत नाही.

यंत्र निवडताना एका गोष्टीचा घोटाळा होतो. २०१९ पर्यंत या यंत्रांची क्षमता, म्हणजे ते दिवसाला किती पिंट पाणी काढते हे, ८० अंश फॅरनहाइटच्या उबदार खोलीत मोजली जात असे. त्यानंतर ती ६५ अंशांवर, म्हणजे बेसमेंटच्या खऱ्या तापमानाला मोजली जाऊ लागली. म्हणून पूर्वी ७० पिंटांचे म्हणून विकले जाणारे यंत्र आता ५० पिंटांचे म्हणून विकले जाते, ते दुबळे झाले आहे असे नाही. हजार ते पंधराशे चौरस फुटांच्या दमट बेसमेंटला ५० पिंटांचे, म्हणजे दिवसाला साडेतेवीस लिटरांच्या आसपास पाणी काढू शकणारे यंत्र घ्यावे. लहान यंत्र दिवसरात्र चालवण्यापेक्षा मोठे यंत्र थांबत थांबत चालणे चांगले. ५०० वॉटचे यंत्र रोज बारा तास चालले तर महिन्याला १८० युनिट वीज लागते, हा खर्च आधी मनात धरावा.

यंत्राची टाकी हाताने रिकामी करण्याचे ठरवले तर ते काम पंधरवड्यात मागे पडते. टाकी भरते, यंत्र थांबते आणि आपण गावी गेलो असताना बेसमेंट पुन्हा कुबट होते. म्हणून पहिल्या दिवसापासून नळी लावून पाणी फरशीच्या निचऱ्यात किंवा संपच्या खड्ड्यात सोडावे. उतार मिळत नसेल तर आत पंप असलेले यंत्र घ्यावे. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे, जाळी महिन्यातून एकदा धुवावी आणि एक्स्टेंशन कॉर्ड न वापरता ते थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावे. आगीच्या धोक्यामुळे २०१३ आणि २०२१ मध्ये लाखो डिह्युमिडिफायर बाजारातून परत बोलावण्यात आले होते, तेव्हा जुने किंवा कोणाकडून घेतलेले यंत्र सुरू करण्याआधी त्याचा मॉडेल क्रमांक अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत तपासावा. सुरुवातीचे काही दिवस आकडा खाली येत नाही; लाकूड, पुठ्ठा आणि काँक्रीट यांनी साठवलेली ओल आधी बाहेर पडत असते, त्यामुळे लगेच यंत्राला दोष देऊ नये. यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद हव्यात. खोलीचे तापमान ६५ अंशांच्या बरेच खाली जात असेल तर साध्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरतो. तिथे कमी तापमानासाठी बनवलेले यंत्र लागते.

एअर कंडिशनरवर विसंबणे चुकीचे ठरते. बेसमेंट मुळातच थंड असते. तिथे आणखी थंड हवा सोडली तर पृष्ठभाग अधिक गार होतात आणि सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवण्याचा सल्लाही सरसकट स्वीकारू नये. जितकी हवा तो बाहेर टाकतो तितकीच दमट हवा फटींतून आत ओढली जाते, आणि त्याच खोलीत गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा वॉटर हीटर असेल तर त्याच्या धुराड्यातला धूर उलटा आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याचा अलार्म बेसमेंटच्या घरात असलाच पाहिजे, ओल असो वा नसो.

आपण स्वतः सोडत असलेले बाष्पही मोजावे. सुती साड्या आणि कुर्ते ड्रायरमध्ये आटतात म्हणून बेसमेंटमध्ये दोरी बांधून वाळवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. धुलाईच्या एका खेपेतून लिटर-दोन लिटर पाणी त्या हवेत मिसळते. कपडे वरच्या मजल्यावर वाळवावेत, किंवा दोरीखाली डिह्युमिडिफायर ठेवूनच वाळवावेत. ड्रायरचा पाइप धातूचा असावा, त्याचे सांधे ॲल्युमिनियमच्या टेपने बंद असावेत आणि त्याचे तोंड घराबाहेरच उघडावे. थंड पाण्याच्या पाइपांवर फोमच्या नळ्या चढवाव्यात. त्यांची उभी चीर आणि सांधे टेपने बंद केले नाहीत तर बाष्प आत शिरते आणि पाइप फोमखालीच ओला होत राहतो.

सामान आणि बुरशी

पुठ्ठ्याची खोकी टाकून झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्यावेत, पण त्यांत भरण्याआधी सामान पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी, नाहीतर ओल डब्यातच कोंडली जाते. मांडण्या धातूच्या असाव्यात, सर्वांत खालचा कप्पा फरशीपासून चार-सहा इंच वर आणि मांडणी बाहेरच्या भिंतीपासून थोडी पुढे असावी. तांदूळ आणि डाळी हवाबंद डब्यांत ठेवाव्यात. तबला आणि पेटी मात्र बेसमेंटमध्ये ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे: दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, पेटीचे लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि सुरांच्या पट्ट्या गंजतात, आणि ही दुरुस्ती करणारा कारागीर इथे सहज मिळत नाही. डांबराच्या गोळ्या, कापूर किंवा सुगंधी फवारे यांनी वास झाकला जातो, ओल जशीच्या तशी राहते. ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे डबे बंद कपाटापुरते उपयोगी आहेत, अख्ख्या खोलीला ते पुरत नाहीत.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर सहसा बुरशी धरत नाही. बुरशी दिसलीच आणि ती दहा चौरस फुटांहून कमी जागेत असेल, तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याने ती घासून काढता येते. जागा नंतर पूर्ण वाळवावी. ब्लीचची गरज सहसा पडत नाही, आणि ते अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रावणात कधीही मिसळू नये. बुरशी धरलेला गालिचा, गादी किंवा छताच्या टाइल टाकून द्याव्यात. बुरशीवर रंग फासू नये. जागा त्याहून मोठी असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम व्यावसायिकांकडे द्यावे.

हिवाळा आणि बेसमेंट राहण्याजोगे करणे

हिवाळ्यात परिस्थिती उलटते. बाहेरची हवा कोरडी असते, डिह्युमिडिफायर बंद ठेवता येतो, आणि ओल धरते ती छताजवळ, जिथे पायाच्या भिंतीवर घराचा लाकडी सांगाडा टेकतो. तिथे बॅटरीचा झोत टाकून पाहावे: गुलाबी किंवा पिवळी फायबरग्लासची लादी नुसती कोंबलेली असेल तर ती बाजूला केल्यावर मागच्या लाकडावर काळे डाग, आणि कडक थंडीत चक्क बर्फाचे कण दिसतात. घरातली उबदार हवा त्या लादीतून सहज आरपार जाते आणि गार लाकडावर तिचे पाणी होते. ती लादी काढून तिथे कडक फोमचे मापात कापलेले तुकडे बसवावेत आणि त्यांच्या कडा फवारणीच्या फोमने बंद कराव्यात. खिडक्यांच्या काचांवर पाणी धरत असेल तर घर गरम करणाऱ्या भट्टीला जोडलेल्या ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेत बाष्प सोडणाऱ्या यंत्राचा, आकडा खाली आणावा.

बेसमेंट सजवून तिथे खोली, पूजाघर किंवा मुलांची खेळायची जागा करण्याचा विचार असेल तर आधी एक वर्षभर हायग्रोमीटरची नोंद ठेवावी, म्हणजे बर्फ वितळण्याचा आणि दमट उकाड्याचा असे दोन्ही काळ पाहून होतात. रेडॉनची चाचणीही याच काळात करून घ्यावी. अमेरिकेत लिटरला ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आणि कॅनडात घनमीटरला २०० बेकेरेलहून जास्त पातळी आढळली तर उपाय करण्याचा सल्ला दिला जातो. भिंतीला उष्णतारोधक थर देताना काँक्रीटला आधी फोमचे कडक तक्ते चिकटवावेत, त्यांचे सांधे टेपने बंद करावेत, त्यापुढे लाकडी चौकट उभी करावी आणि फोम उघडा न ठेवता तो अर्धा इंची जिप्सम बोर्डाने झाकावा, कारण फोमला आग लवकर लागते. काँक्रीटला लागून फायबरग्लास आणि त्यापुढे प्लॅस्टिकचा कागद ही जुनी रचना टाळावी. तिच्यात ओल दोन्हींच्या मध्ये अडकते आणि बुरशी भिंतीच्या आतच वाढते. फरशीवर गालिचा किंवा लाकूड अंथरण्याऐवजी सिरॅमिक टाइल किंवा विनाइलच्या पट्ट्या घालाव्यात आणि पायांना ऊब हवी तिथे सहज उचलून वाळवता येईल अशी लहान सतरंजी टाकावी. जिप्सम बोर्ड फरशीला टेकवू नये. खाली अर्धा इंच फट ठेवून ती पट्टीने झाकावी, म्हणजे फरशीवर कधी थोडे पाणी आले तरी ते बोर्डातून वर चढत नाही.